आकृती देखणी आहे, पण गाडी गेटाबाहेर पडते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तासगावकडचा एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, त्यानं साखर कारखान्यात उसाची गाडी आल्यापासून बिल निघेपर्यंतच्या कामाचं बीपीएमएन मॉडेल, म्हणजे कामाच्या पायऱ्या ठरावीक चिन्हांनी दाखवणारी आकृती, प्रोजेक्टला घेतलंय. गाइड म्हणतात "मॉडेल व्हेरिफाय करून आण". ह्याचं म्हणणं, सॉफ्टवेअर बनवलं, चाळीस टेस्ट केस चालवल्या, सगळ्या पास, मग आता अजून काय व्हेरिफाय करायचं, आणि ते पेट्री नेट वगैरे, म्हणजे आकृती गणितानं तपासायची पद्धत, खरंच लागतं का नुसतं मार्कांसाठी असतं.

बघ, मी सांगलीत बसून वीसेक वर्षं हीच कामं करतोय, साखर कारखाने, बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, मार्केट यार्डातल्या अडतीच्या पेढ्या, त्यामुळं उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बस.

आधी टेस्टिंगचं. टेस्ट केस तू लिहितोस म्हणजे तुला जे सुचलं तेच तू तपासतोस. चाळीस पास झाल्या याचा अर्थ चाळीस वाटांनी गाडी बाहेर पडली, बास. एक्केचाळिसावी वाट आहे का आणि तिथं खड्डा आहे का हे कोण सांगणार? व्हेरिफाय करणं म्हणजे मॉडेलमधून जितक्या म्हणून वाटा निघतात तेवढ्या सगळ्या धुंडाळायच्या, आणि एकही गाडी कुठं अडकत नाही हे दाखवायचं, किंवा जी अडकते ती पकडून समोर उभी करायची.

माझ्यावरच आलेलं सांगतो. कारखान्याचं नाव नको, आणि तशीही चूक आमच्याच टीमची होती. तुझ्यासारखंच मॉडेल: तोडणी चिठ्ठी, गाडी केनयार्डात, टोकन, काट्यावर भरलेलं वजन, गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळायला आत नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस खाली, रिकामं वजन, पावती, बिल. आता भरलेलं वजन झाल्यावर आमच्या पोरानं एक अधिक चिन्हाचा गेटवे टाकला, म्हणजे तो शंकरपाळीच्या आकाराचा असतो ना तो, आणि तिथून कामाचे दोन फाटे केले, अधिक चिन्ह म्हणजे दोन्ही फाटे एकदम चालू. एका फाट्यावर गाडी गव्हाणीकडं जाणार आणि रिकामं वजन होणार. दुसऱ्या फाट्यावर शेती ऑफिसनं बघायचं की ऊस जळीत आहे का, कारण जळीत असेल तर कपात लागते आणि त्याला शेती अधिकाऱ्याची मंजुरी पाहिजे. तर तिथं एक फुलीची शंकरपाळी, म्हणजे दोनपैकी एकच वाट घ्यायची: जळीत आहे तर मंजुरीकडं, जळीत नाही तर... तर काही करायचं नाही म्हणून त्यानं बाण सरळ शेवटच्या गोलाला जोडून टाकला. आणि बिलाच्या आधी दोन्ही फाटे एकत्र आणायला परत अधिक चिन्ह.

आकृती कुणालाही दाखवली तरी मान डोलावतील अशी. मीच डोलावली होती. शेती ऑफिस, काटा, अकाउंट्स, तिन्ही खात्यांच्या सह्या झाल्या, गळीत हंगाम सुरू झाला, एक तक्रार नाही. दीड-दोन महिने निवांत गेले. मग जानेवारीत शेती ऑफिसातले एक क्लार्क, आपण त्यांना तात्या म्हणू, भाचीच्या लग्नाला चार दिवस जतकडं गेले. आणि पंधरवड्याचं बिल काढायला बसलो तर त्या चार दिवसांतल्या एकाही गाडीचं बिल उठेना. सर्व्हर बघितला, डेटाबेस बघितला, रात्री दोनपर्यंत आम्ही तिघंजण लॉग चाळत बसलो, सगळं व्यवस्थित. सकाळी तात्यांना फोन लावला, मागं सनई वाजतीय, म्हटलं तात्या, तुम्ही रोज नेमकं काय करता हो? तर म्हणाले, "काय न्हाय ओ सायेब, सकाळी आल्या आल्या पेंडिंगची यादी येती, सगळं शिलेक्ट करून ओके मारतो. तुमीच बसवलंय न्हवं तसं?"

झालं. म्हणजे जळीत नसलेली प्रत्येक गाडी आमच्या सिस्टिममध्ये अडकत होती, आणि एक माणूस रोज सकाळी ती हातानं सोडवत होता, आणि त्याला वाटत होतं हेच त्याचं काम आहे. वर गंमत अशी की सरसकट ओके मारल्यामुळं मधल्या काही खऱ्या जळीत गाड्याही बिनकपातीच्या निघून गेल्या होत्या, ते नंतर ऑडिटला निघालं आणि त्याची उत्तरं देताना माझा अख्खा फेब्रुवारी गेला. मॉडेलमधली चूक सिस्टिम बंद पाडत नाही बऱ्याच वेळा, कुणीतरी तात्या तिला झाकून घेतो, म्हणून ती दिसत नाही, आणि म्हणूनच तुझ्या चाळीस टेस्ट पास होतात. तू टेस्टमध्ये "मग शेती ऑफिसनं ओके केलं" ही पायरी स्वतःच्या हातानं टाकली असशील, जाऊन बघ.

त्या संध्याकाळी ऑफिसात मी ती आकृती ए-थ्री कागदावर छापून घेतली. टेबलावर एका कोल्ड स्टोरेजवाल्यानं दिलेला बेदाण्याचा नमुना पडला होता. तेच घेतले. एक बेदाणा सुरुवातीच्या गोलावर ठेवला, ही गाडी. चिठ्ठी, टोकन, भरलेलं वजन असा सरकवत आणला. अधिक चिन्हापाशी एक आत जातो आणि दोन बाहेर येतात, म्हणून दुसरा घेतला. पहिला गव्हाणीकडून रिकाम्या वजनावर आणि तिथून बिलाच्या आधीच्या अधिक चिन्हापाशी. दुसरा फुलीपाशी, जळीत नाही, मग सरळ शेवटच्या गोलावर, संपला. आणि पहिला बसलाय वाट बघत, कारण ते अधिक चिन्ह म्हणतंय दोन्ही बाजूंनी एकेक आल्याशिवाय मी सोडणार नाही. दुसरा आता येणारच नाही, तो कधीच घरी गेला. आमच्या पोरानं डोक्याला हात लावला. पाच मिनिटं लागली हे करायला.

तर हे जे बेदाणे सरकवणं आहे ना, तेच पेट्री नेट. कार्ल ॲडम पेट्री नावाच्या जर्मन माणसानं 1962 साली डार्मस्टाटला पीएचडीच्या प्रबंधात हे मांडलं, तेव्हा बीपीएमएन सोड, आज आपण ज्याला बिझनेस सॉफ्टवेअर म्हणतो तेही धड नव्हतं. गोल म्हणजे जागा, चौकोन म्हणजे घडणारी गोष्ट, आणि ठिपके म्हणजे टोकन, आपले बेदाणे. चौकोनात येणाऱ्या सगळ्या जागांवर टोकन असेल तरच तो चौकोन उडतो, तिथली टोकनं खातो आणि पुढच्या जागांवर नवीन टाकतो. एवढाच नियम आहे. बीपीएमएन 2004 ला आलं, त्याचं 2.0 ओएमजी नावाच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं 2011 ला काढलं, 2013 ला ते आयएसओचं मानक पण झालं, पण ते मुळात माणसांनी वाचायला केलेलं चित्र आहे, त्यात चिन्हं एवढी की एकाच चित्राचे दोघेजण दोन अर्थ काढतात. पेट्री नेटमध्ये ती सोय नाही, कंटाळवाणं आहे पण अर्थ एकच. म्हणून चित्र बीपीएमएनमध्ये काढायचं आणि तपासायला त्याचं पेट्री नेट करायचं, अशी रीत पडलीय.

आता तपासायचं काय नेमकं. नेदरलँड्सचे विल व्हॅन डर आल्स्ट यांनी नव्वदच्या दशकात त्याला एक नीट व्याख्या दिली, साउंडनेस म्हणतात, आपण मराठीत निकोप म्हणू. एक, गाडी कुठल्याही टप्प्यावर असो, तिथून शेवटाला पोचायची वाट शिल्लक असलीच पाहिजे. दोन, शेवटाला पोचली की मागं कुठं बेदाणा उरलेला नसावा, आणि शेवटच्या गोलावरही एकच असावा. तीन, मॉडेलमध्ये असं एकही काम नको जे कुठल्याच परिस्थितीत कधी घडूच शकत नाही. आमच्या मॉडेलची पहिल्याच अटीला विकेट पडली होती. तिसरी अट लोक हलक्यात घेतात, पण सरकारी कामांची मॉडेलं बघ, तिथं एखाद्या साहेबाची सही असलेला चौकोन असतो आणि त्याच्याकडं फाइल जाईल अशी वाटच नसते, निवांत माणूस.

ह्याच्यातली एक युक्ती मला फार आवडते. शेवटचा गोल आणि सुरुवातीचा गोल यांच्यात एक जादा चौकोन टाकून नेटचं कडं करायचं, म्हणजे गाडी संपली की परत नवीन सुरू. मग मूळ नेट निकोप आहे का हा प्रश्न असा होतो की हे कडं लाइव्ह आणि बाउंडेड आहे का, म्हणजे कुठलंही काम कायमचं मरत नाही ना आणि कुठल्याही जागेवर बेदाण्यांचा ढीग साठत जात नाही ना. आणि ते दोन प्रश्न सोडवायची गणितं आधीपासून तयार होती. शिवाय नेट फ्री-चॉइस प्रकारचं असेल, म्हणजे निवड आणि वाट बघणं एकमेकांत गुंतलेलं नसेल, तर हे उत्तर कॉम्प्युटर झटक्यात देतो, पॉलिनॉमियल वेळात, म्हणजे मॉडेल मोठं झालं तरी वेळ बेसुमार वाढत नाही. साधे फुलीचे आणि अधिक चिन्हाचे गेटवे वापरलेस तर तुझं मॉडेल बहुतेक त्यातच बसेल.

झटक्यात का म्हणतोय, तर नाहीतर अवस्थांची संख्या अंगावर येते. समांतर चालणारी दहा कामं घे, प्रत्येकाच्या तीनच अवस्था धर, सुरू नाही, चालू आहे, झालं. तीनचा दहावा घात, 59,049 अवस्था. आणि ही फक्त दहा कामं, एका गाडीची. हे हातानं तपासणार कोण, म्हणून टूल.

आणि असं समजू नको की ही आमच्यासारख्या लहान गावच्या डेव्हलपरची चूक आहे. एसएपी या बिझनेस सॉफ्टवेअरच्या मोठ्या जर्मन कंपनीच्या स्वतःच्या संदर्भ मॉडेलमधल्या 604 ईपीसी आकृत्या, म्हणजे बीपीएमएनसारख्याच दुसऱ्या चिन्हांतल्या, संशोधकांनी अशाच यंत्रानं तपासल्या होत्या, 2006 च्या सुमारास, तर किमान 34 मध्ये असले वागणुकीचे दोष निघाले. म्हणजे शंभरातल्या पाच-सहा, आणि ती जगभर नमुना म्हणून वाटलेली मॉडेलं.

उलटी चूक पण होते, अधिक चिन्हानं फोडलं आणि फुलीनं जोडलं. तिथं अडकत काही नाही, पण फुली प्रत्येक बेदाण्याला सोडते त्यामुळं पुढचं काम दोनदा होतं. रिकामं वजन झाल्यावर शेतकऱ्याचा हिशोब आणि तोडणी-वाहतुकीचा हिशोब असे दोन फाटे फोड आणि पुढं फुलीनं जोडून खात्यावर पोस्टिंग ठेव, एकाच गाडीचं पोस्टिंग दोनदा पडेल. शेतकरी तक्रार करणार नाही, चेअरमन करतील.

तो गोलवाला गेटवे, इन्क्लुझिव्ह, म्हणजे लागू होतील तेवढ्या एक किंवा जास्त वाटा चालू करणारा, त्याच्या नादी लागू नको असं माझं स्पष्ट मत. फोडताना ठीक आहे, पण जोडताना त्याला कळावं लागतं की अजून कुणी मागून यायचं शिल्लक आहे का, म्हणजे पूर्ण आकृतीत डोकावावं लागतं, आणि तिथं टूल-टूलमध्ये फरक पडतो.

इथपर्यंत फक्त सांगाडा तपासला. मॉडेल निकोप असून चुकीचं असू शकतं, गाडी छान बाहेर पडते पण पावती रिकाम्या वजनाच्या आधीच निघते असं. त्यासाठी धंद्याचे नियम वेगळे लिहून तपासायचे, त्याला मॉडेल चेकिंग म्हणतात, क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना 2007 चं ट्युरिंग अवॉर्ड याच कामाला मिळालंय. नियम दोन जातीचे. एक, वाईट कधी घडू नये: रिकामं वजन झाल्याशिवाय पावती निघता कामा नये. दुसरा, चांगलं कधीतरी घडलंच पाहिजे: जिचं भरलेलं वजन झालं त्या गाडीचं बिल कधी ना कधी निघालंच पाहिजे. दुसऱ्या जातीत एक मेख आहे. चेकर तुला उत्तर देईल, नियम मोडतो, कारण शेती ऑफिसचा माणूस अनंत काळ मंजुरी देतच नाही अशी एक वाट आहे. तेव्हा तुला गृहीत सांगावं लागतं की माणूस कधीतरी कामावर येतो, ह्याला फेअरनेस म्हणतात. मी तर रिपोर्टमध्ये ते स्वच्छ लिहितो की हे बिल निघणं तात्या लग्नावरून परत येण्यावर अवलंबून आहे, म्हणजे मग साहेब लोक दुसऱ्या माणसाला पण लॉगिन देतात.

ह्याच्यावरून एक उदाहरण देतो ते तुझ्या प्रोजेक्टमध्ये सरळ घाल, गाइड खूश होतील. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणं ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, लेखी करार वेगळा नसेल तर, आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्क्यानं व्याज. आता बिलं काढायची पद्धत पंधरवड्याची, 1 ते 15 आणि 16 ते महिनाअखेर. एक तारखेला आलेल्या गाडीचे 14 दिवस 15 तारखेला भरतात, आणि त्या गाडीचा पंधरवडाच मुळी 15 तारखेच्या संध्याकाळी बंद होतो, त्यानंतर बिल तयार होणार, तपासणार, विकास सोसायटीचं कर्ज वळतं होणार, बँकेत यादी जाणार. म्हणजे सगळ्यांनी जीव तोडून काम केलं, एक मिनिट कुणी वाया घालवला नाही, तरी पहिल्या दिवसाच्या गाडीला मुदत पाळणं ह्या मॉडेलमध्ये शक्यच नाही. हे कुणाच्या आळसाचं नाही, आकृतीतच बसलेलं आहे, आणि वेळ घातलेलं मॉडेल चेकरला दिलं की तो हीच एक तारखेची गाडी उदाहरण म्हणून काढून दाखवतो. मी पहिल्यांदा हे एका मीटिंगमध्ये दाखवलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही, मग एकजण म्हणाले चहा सांगा.

सांगाड्याच्या तपासणीला डेटा दिसत नाही हेही लक्षात ठेव. फुलीपाशी पेट्री नेट एवढंच म्हणतं की ह्या दोनपैकी एक वाट घेतली जाईल. पण स्क्रीनवर "जळीत" हा रकाना हो, नाही, की कोरा? कोरा राहिला तर दोन्ही वाटा बंद. तेव्हा प्रत्येक फुलीच्या अटी कागदावर टेबल करून लिही आणि दोनच गोष्टी बघ, कुठली शक्यता सुटली का, आणि एकाच गाडीला दोन ओळी लागू होतात का. निर्णयाची अशी टेबलं लिहायचं डीएमएन नावाचं मानक यासाठीच आहे, पण वही पण चालते.

आणि मॉडेलच प्रत्यक्षाशी जुळत नसेल तर वरची सगळी मेहनत पाण्यात. तू काट्यावर गेलायस का कधी रात्रपाळीला? ट्रॅक्टर यार्डात बंद पडतो, अंधारात लोक मोळ्या दुसऱ्या ट्रॉलीत टाकतात, आता भरलेली वजनं एका गाडीची, ऊस दुसऱ्या गाडीत, रिकामं वजन कुणाचं घ्यायचं? तिथला माणूस ते वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवतो आणि सकाळी एन्ट्री "ॲडजस्ट" होते. तुझ्या आकृतीत ती वही नाही. हे शोधायला प्रोसेस मायनिंग वापर, काट्याच्या सॉफ्टवेअरचा लॉग घे, गाडीचा नंबर, काम, वेळ, एवढे तीन रकाने पुरतात, आणि त्यातून खरी चाललेली वाट काढून तुझ्या मॉडेलशी ताडून बघ. फक्त घड्याळं आधी तपास. आमच्याकडं एका लॉगमध्ये ढीगभर गाड्यांचं रिकामं वजन भरलेल्या वजनाच्या आधी दिसत होतं, आम्हाला वाटलं मोठा घोटाळा सापडला, तर एक काट्यावरचा पीसी दुसऱ्या काट्यावरच्या पीसीच्या वीस मिनिटं पुढं होता. कुणाला बोललो नाही ते बरं झालं.

टूलचं विचारशील तर वोपेड फुकट आहे, पेट्री नेट काढून निकोप आहे का ते तिथंच कळतं. पायथॉन येत असेल तर पीएमफोरपाय घे, त्यात लॉगचं पण होतं आणि साउंडनेसचं पण. नियमांसाठी स्पिन, तो मॉडेल चेकर आहे, पण त्याची भाषा शिकायला आठवडा धर. सगळं करत बसू नको, सांगाडा पूर्ण तपास, नियम चार-पाचच घे पण खरे घे, आणि जी चूक सापडेल तिची वाट पायरी-पायरीनं रिपोर्टमध्ये लिही, कारण "मॉडेल इज व्हेरिफाइड" असं एक वाक्य लिहिलेले रिपोर्ट मी भरपूर बघितलेत आणि त्यातून काही कळत नाही.

तुझी आकृती मी बघितली, टाकली होतीस ती. "नमुना तपासणी" लिहिलेल्या फुलीचा "नको" वाला बाण कुठं गेलाय ते बघ एकदा. मग बेदाणे घेऊन बस, आणि घेताना हिरवा आणि काळा दोन्ही घे. आधी नुसत्या हिरव्यानं एक गाडी पूर्ण फिरव. ती सुटली की मग काळ्यानं दुसरी गाडी मागोमाग सोड, आणि काटा एकच आहे हे विसरू नको, त्याच्यासाठी एक शेंगदाणा ठेव, ज्याच्याकडं शेंगदाणा त्याचंच वजन होणार. बिलाच्या अधिक चिन्हापाशी एका बाजूनं हिरवा आणि दुसऱ्या बाजूनं काळा आला आणि तुझ्या गेटवेनं दोघांना मिळून एक पावती दिली, तर पुढचा प्रश्न रंगीत पेट्री नेटचा आहे, म्हणजे ज्यात कुठलं टोकन कुठल्या गाडीचं हे ओळखता येतं, तो वेगळा विचार.